गाडीतला डॅशकॅम: निवडण्यापासून पुरावा हाती देण्यापर्यंत

पुण्यात दोन गाड्या एकमेकींना घासल्या की पाच मिनिटांत चूक कोणाची याचा निवाडा रस्त्यातच सुरू होतो. जमलेल्यांपैकी बहुतेकांनी धडक पाहिलेली नसते, आवाज ऐकून मान वळवलेली असते. दुचाकी आणि मोटार असेल तर मोटारवाला दोषी, मोटार आणि बस असेल तर बसवाला, हे आधीच ठरलेलं असतं. अशा वेळी काचेवरचा कॅमेरा घडलं तेवढंच सांगतो. चूक तुमची असेल तर तीही त्यात असते, आणि हे मान्य असेल तरच डॅशकॅम घ्यावा.

पण अडचण वेगळीच आहे. कॅमेरा घेतलेल्या अनेकांना नेमक्या गरजेच्या दिवशी रेकॉर्डिंग मिळत नाही. मेमरी कार्ड कधीच बाद झालेलं असतं, घड्याळ चुकीचं असतं, किंवा घाबरलेल्या अवस्थेत कॅमेरा तसाच चालू राहतो आणि हवा तो तुकडा पुसला जातो. म्हणून कोणतं मॉडेल घ्यावं यापेक्षा, घेतलेला कॅमेरा त्या क्षणी कामाला कसा येईल यावर इथे जास्त लिहिलं आहे.

पुढचा एकच, की पुढचा-मागचा

पुण्यात गाडी चालवत असाल तर पुढे आणि मागे दोन्ही कॅमेरे घ्या, असं मी ठामपणे सांगेन. कारण समजून घ्यायचं तर नवले पूल डोळ्यांसमोर आणा. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडे लांबलचक उतार आहे. अवजड वाहनं त्या उतारावर वेग आवरू शकली नाहीत की पुढे थांबलेल्या गाड्यांवर येऊन आदळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच अपघातात कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं होतं. अशा ठिकाणी धोका मागून येतो आणि पुढच्या कॅमेऱ्याला तो दिसतच नाही.

साखळी अपघातात प्रश्न एवढाच असतो की कोण आधी धडकलं. तुम्ही थांबला होतात, मागच्याने ठोकलं आणि त्या धक्क्याने तुमची गाडी पुढच्या गाडीवर गेली, असं समजा. पुढच्या गाडीवाल्याला फक्त तुम्हीच दिसता, त्यामुळे भरपाई तो तुमच्याकडेच मागतो. नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यात तुमची गाडी पुढे जाऊन आदळताना दिसते, जे वरवर पाहता तुमच्याच विरोधात जातं. मागचा कॅमेरा असेल तर दोन्ही चित्रणं एकाच वेळेच्या शिक्क्यासह शेजारी ठेवता येतात: गाडी पूर्ण थांबलेली, मागून ट्रक येतो, धक्का, मग पुढची धडक. सिंहगड रस्त्यावर किंवा वाकडच्या रांगेत रोज होणाऱ्या किरकोळ ठोकरींनाही हेच लागू आहे.

आतल्या बाजूचा तिसरा कॅमेरा टॅक्सी चालवणाऱ्यांना उपयोगाचा असतो. घरच्या गाडीत तो नको, असं माझं मत आहे.

निवडताना काय बघायचं

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं ४के, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची (पिक्सेलची) मोठी संख्या, पाहून भुलू नका. आतला प्रकाश टिपणारा सेन्सर कमी दर्जाचा असेल तर रात्री ते सगळे पिक्सेल कुचकामी ठरतात. सोनीचे स्टारव्हिस आणि त्यापुढचे स्टारव्हिस २ हे सेन्सर कमी उजेडात चांगलं काम करतात, म्हणून आधी सेन्सरचं नाव विचारा. १०८०पी, म्हणजे १०८० आडव्या ओळींच्या, रेकॉर्डिंगमध्ये पुढच्याच गाडीची नंबर प्लेट दिवसा वाचता येते. १४४०पी असेल तर थोड्या लांबची किंवा शेजारच्या लेनमधलीही सापडायची शक्यता वाढते. पुढे १४४०पी आणि मागे १०८०पी ही जोडी शहरासाठी पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट आतल्या विजेच्या साठ्याची. काही स्वस्त कॅमेऱ्यांत छोटी लिथियम बॅटरी असते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या काचेमागे तापमान त्याहून कितीतरी वर जातं. ही बॅटरी तिथे फुगते. त्याऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीच्या जागी थोडी वीज साठवणारा भाग, असलेला कॅमेरा घ्या. तो उष्णता सोसतो. वीज तुटली तर शेवटची फाइल नीट बंद करण्यापुरती ऊर्जा तो राखून ठेवतो, आणि अपघातात वायर तुटली तर हाच काही सेकंदांचा साठा मोलाचा ठरतो.

लेन्सचा कोन १४० अंशांच्या आसपास असला की बरं. १७० अंशांत दोन्ही फुटपाथ दिसतात, पण समोरची गाडी इतकी लहान होते की नंबर वाचता येत नाही. डब्ल्यूडीआर किंवा एचडीआर, म्हणजे प्रखर उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारी सोय, मात्र हवीच. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडताना समोरचा उजेड एकदम डोळ्यांवर येतो, तसाच तो सेन्सरवरही येतो, आणि ही सोय नसेल तर ते काही क्षण नुसते पांढरे दिसतात. जीपीएस असलेला घ्या. त्यामुळे ठिकाण, वेग आणि अचूक वेळ नोंदली जाते.

लेन बदलल्याचे, पुढची गाडी जवळ आल्याचे इशारे देणारी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. लक्ष्मी रस्त्यावर ती सतत केकाटेल. बंद ठेवा.

किमतीचं म्हणाल तर नुसता पुढचा साधा कॅमेरा साधारण तीन ते पाच हजारांत मिळतो, चांगल्या सेन्सरची पुढची-मागची जोडी दहा हजारांच्या पुढे जाते. दुकानात बघून घ्यायचा असेल तर मोटारीच्या सामानासाठी नाना पेठ आहेच. ऑनलाइन स्वस्त पडला तरी भारतातली वॉरंटी आणि पक्कं बिल आहे ना, हे आधी बघा.

मेमरी कार्डावर कंजुषी नको

सगळ्यात जास्त कॅमेरे कार्डामुळे निकामी ठरतात. मोबाइलमधलं जुनं कार्ड डॅशकॅममध्ये घालू नका. मोबाइलमध्ये दिवसाला चार फोटो लिहिले जातात. डॅशकॅम गाडी चालू असेपर्यंत अखंड लिहीत असतो, आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी लिहितो. यालाच लूप रेकॉर्डिंग म्हणतात. इतक्या वेळा लिहिणं-पुसणं साधं कार्ड सोसत नाही. बाद झालेलं कार्ड तक्रारही करत नाही. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहतो आणि आत काहीच साठत नसतं.

त्यामुळे 'हाय एन्ड्युरन्स' असं स्पष्ट छापलेलं कार्डच घ्या. सॅनडिस्क आणि सॅमसंग दोघांचीही अशी कार्डं मिळतात. त्यावर यू३ किंवा व्ही३० ही लिहिण्याच्या वेगाची खूण असावी. किती मोठं घ्यायचं, त्याचं गणित सोपं आहे. १०८०पी चित्रण साधारण १५ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने साठतं, म्हणजे तासाला पावणेसात जीबीच्या आसपास. ६४ जीबीच्या कार्डात एका कॅमेऱ्याचे साडेआठ-नऊ तास मावतात. दोन कॅमेरे आणि त्यातला एक १४४०पी असेल तर तेच चार तासांवर येतं. म्हणून जोडीसाठी १२८ किंवा २५६ जीबी घ्या, पण तुमचा कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो हे पुस्तिकेत आधी बघा.

बाजारात बनावट कार्डं भरपूर आहेत. वर १२८ लिहिलेलं असतं आणि आत १६ असतं. नवं कार्ड कॉम्प्युटरला लावून एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण खात्री होते. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलेलं काही कॅमेरे ओळखत नाहीत.

काचेवर जागा कोणती

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे, किंचित डाव्या बाजूला लावावा. चालकाच्या जागेवरून तो आरशाआड झाकला गेला पाहिजे. रस्ता बघताना नजरेच्या आड येणारा कॅमेरा स्वतःच अपघाताचं कारण होईल.

चिकटवण्याआधी काचेवर पाणी मारून वायपर फिरवा आणि कुठवर काच पुसली जाते ते बघा. वर मध्यभागी बऱ्याच गाड्यांत न पुसला जाणारा त्रिकोण राहतो. लेन्स त्याच्यामागे आली तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुमच्याकडे पाण्याच्या ओघळांचं चित्रण जमा होईल. ताम्हिणीत पावसात आणि धुक्यात शिरल्यावर तर काहीच दिसणार नाही. काचेच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते, तिच्यावर टेप नीट धरत नाही. फास्टॅगवर कॅमेरा आणू नका. गाडीला कंपनीचाच एडास (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्यासमोरची काच पूर्ण मोकळी ठेवा.

काच आतून स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग टेप लावून अर्धा मिनिट दाबून धरा. खोक्यात पारदर्शक स्टिकर आला असेल तर आधी तो काचेवर लावून त्यावर टेप चिकटवा, म्हणजे पुढे कॅमेरा काढताना काच खराब होत नाही. थंडीच्या सकाळी टेप नीट बसत नाही, तेव्हा काच जरा कोमट होऊ द्या.

लेन्सचा कल ठरवताना कॅमेऱ्याच्या मोबाइल ॲपवर चित्र बघत बघत वर-खाली करा. क्षितिज साधारण मध्यावर यावं, तळाला बोनेटची बारीक पट्टी दिसावी. बोनेट दिसलं की गाडी लेनमध्ये कुठे होती ते कळतं. आकाश जास्त आलं तर कॅमेरा त्याच्या उजेडाप्रमाणे चित्र जुळवतो आणि रस्ता काळा पडतो.

डॅशबोर्डवर काय ठेवलंय तेही बघा. गणपतीची मूर्ती, पांढरा रुमाल, टोलची पावती, सगळ्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि उन्हात नेमकं तेच रेकॉर्ड होतं. मूर्ती लेन्सच्या रेषेतून बाजूला सरकवली तरी पुष्कळ फरक पडतो. सीपीएल फिल्टर मिळतो, तो प्रतिबिंब कापतो, पण रात्री थोडा उजेडही खातो. बहुतांश प्रवास दिवसा असेल तरच लावा.

मागचा कॅमेरा मागच्या काचेवर आतून, वरच्या बाजूला लावतात. डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारांवर टेप चिकटवू नका, काढताना तार निघून येते. हॅचबॅकमध्ये डिकीच्या दारात वायर नेताना मूळ वायरिंग ज्या रबरी नळीतून जातं तिच्यातूनच न्या. बाहेरून नेलेली वायर दाराच्या उघडझापीत तुटते.

वीज: सॉकेट की फ्यूज बॉक्स

सोपा मार्ग म्हणजे सिगरेट लायटरचं सॉकेट. कॅमेऱ्यासोबत आलेलाच ॲडाप्टर वापरा. गाडीच्या यूएसबी पोर्टला जोडू नका. बऱ्याच गाड्यांत तो अर्धा अँपिअरच देतो आणि कॅमेरा मधूनच बंद पडतो. किल्ली बंद केल्यावर सॉकेटची वीज जाते का, हेही तपासा. काही गाड्यांत ती चालूच राहते, मग ॲडाप्टर रोज काढावा लागतो.

वायर काचेच्या वरच्या कडेने, छताच्या अस्तराच्या फटीत बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सारत न्या. तिथून ती कडेच्या खांबावरून खाली उतरते, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे. ज्या गाड्यांत पडद्याच्या एअरबॅग असतात त्यांत त्या पुढच्या खांबाच्या आवरणामागे आणि छताच्या कडेला घडी करून ठेवलेल्या असतात. वायर एअरबॅगच्या समोरून गेली तर एअरबॅग फुगताना ती अडवेल किंवा वायर तोंडावर फेकली जाईल. वायर नेहमी एअरबॅगच्या मागून, मूळ वायरिंगला बांधून न्यायची. खांबावर 'एसआरएस एअरबॅग' लिहिलेलं असेल आणि आवरण काढायचा सराव नसेल, तर हे काम स्वतः करू नका. पुढच्या दाराच्या रबरी बीडिंगच्या आतून वायर खाली आणता येते का ते जाणकाराला विचारा.

उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग हवं असेल तर फ्यूज बॉक्समधून वीज घ्यावी लागते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या कंपनीचं हार्डवायर किट मिळतं. त्यात सहसा तीन वायरी असतात: कायम चालू विजेची, किल्लीसोबत चालू होणाऱ्या विजेची आणि अर्थिंगची. रंग पुस्तिकेतून बघा, अंदाजाने जोडू नका. अर्थिंगची वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्यातल्या बोल्टला घट्ट बसवायची. उरलेल्या दोन वायरी 'फ्यूज टॅप' नावाच्या जोडणीने बसवतात. टेस्टरने किल्ली बंद असतानाही वीज असलेला एक फ्यूज आणि किल्ली लावल्यावरच वीज येणारा दुसरा शोधायचा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या संगणकाचे फ्यूज वर्ज्य. सॉकेटचा, आतल्या दिव्याचा असे बिनमहत्त्वाचे निवडा. टॅप कोणत्या आकाराचा लागेल हे मूळ फ्यूज हातात घेऊनच ठरवा.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेणार असाल तर त्याला आधीच सांगा: दादा, मूळ वायर कुठेही सोलायची नाही, कापायची नाही, फ्यूज टॅपच लावा. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग कापलेलं दिसलं तर पुढे विजेचा कोणताही बिघाड तुमच्या माथी येतो. घाईत वायर सोलून काळी टेप गुंडाळणाऱ्या माणसाला हे काम देऊ नका, तिथे शॉर्टसर्किटची भीती असते.

कॅमेरा अपघातात फुटला तर साध्या पॉलिसीत त्याची भरपाई मिळत नाही. महागडी जोडी असेल तर विम्याच्या नूतनीकरणावेळी ती जादा इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणून नोंदवा. प्रीमियम थोडासाच वाढतो.

पहिल्याच दिवशी करायच्या सेटिंग

घड्याळापासून सुरुवात करा. अनेक कॅमेरे चिनी बनावटीचे असल्याने त्यांत जीएमटी अधिक ८ हा टाइमझोन भरलेला असतो. तो अधिक ५:३० केला नाही तर तुमचा अपघात अडीच तास पुढचा दिसेल आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसेल.

फाइलची लांबी एक किंवा तीन मिनिटं ठेवा. फाइल छोटी असली की बिघाड झाला तरी थोडंच जातं, आणि पोलिसांना द्यायला सोपी पडते.

जी-सेन्सर म्हणजे धक्का बसला की ती फाइल कुलूपबंद करणारी सोय. कुलूपबंद फाइल लूपमध्ये पुसली जात नाही. पण आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक यांनाही तो अपघातच समजतो. संवेदनशीलता जास्त ठेवली तर आठवड्याभरात कार्ड अशा फाइलींनी भरतं आणि नव्याला जागाच उरत नाही. ती सर्वांत कमी ठेवा.

वारंवारता ५० हर्ट्झ निवडा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. नाहीतर रस्त्यावरचे दिवे आणि काही एलईडी सिग्नल चित्रणात लुकलुकतात, आणि सिग्नल हिरवा होता की विझलेला होता हे कळेनासं होतं.

एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, एखादा टप्पा खाली आणून बघा. नव्या सुरक्षित नंबर प्लेट प्रकाश परावर्तित करतात. रात्री तुमच्या हेडलाइटच्या झोतात जवळची प्लेट नुसती पांढरी दिसते. एक्स्पोजर थोडं कमी केलं की आकडे उमटतात.

आवाजाचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. ब्रेक, हॉर्न, धडकेनंतर समोरचा माणूस जे बोलला ते, सगळं त्यात येतं. शिवाय एक युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कोणी ठोकून पळालं की लगेच त्याचा नंबर, रंग आणि गाडीचा प्रकार मोठ्याने बोला. चित्रात प्लेट धूसर आली तरी तुमचा आवाज राहतो. दुचाकीच्या बारीक किंवा वाकवलेल्या प्लेटच्या बाबतीत बऱ्याचदा हाच आधार उरतो. मात्र गाडीत बसणाऱ्या घरच्यांना, मित्रांना आणि ठेवलेल्या ड्रायव्हरकाकांना आवाज टिपला जातो हे आधी सांगा.

उभ्या गाडीची राखण

सदाशिव पेठेत किंवा शुक्रवारात रात्री रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्यांना ही सोय हवीशी वाटते, आणि ते रास्तच आहे. हालचाल टिपणारा प्रकार मात्र तिथे निवडू नका. प्रत्येक दुचाकी आणि प्रत्येक कुत्रं त्यात येतं. धक्का बसल्यावर रेकॉर्ड करणारा किंवा टाइमलॅप्स (थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपणारा) प्रकार बरा.

बॅटरीचा हिशोब करून बघा. उभ्या गाडीत कॅमेरा साधारण पाव ते चार दशांश अँपिअर वीज घेतो. रात्रीच्या दहा तासांत तीन-चार अँपिअर-तास जातात. छोट्या मोटारीची बॅटरी साधारण ३५ ते ४५ अँपिअर-तासांची, म्हणजे एका रात्रीने काही बिघडत नाही. पण गाडी तीन दिवस हलली नाही, किंवा रोजचा प्रवास कर्वे रस्त्यावरून डेक्कनपर्यंतच असेल, तर बॅटरी पुन्हा भरतच नाही. हार्डवायर किटमध्ये ठरावीक व्होल्टेजला कॅमेरा बंद करायची सोय असते, ती १२.२ व्होल्टच्या खाली ठेवू नका. त्या आकड्याला बॅटरी जवळपास निम्मी उतरलेली असते. लोहगाव विमानतळावर आठवडाभर गाडी ठेवून जाताना उभ्या गाडीतलं रेकॉर्डिंग बंदच करा.

धडक झाली तर

आधी माणसं. कोणी जखमी असेल तर १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचं कर्तव्य आहे, चूक कोणाचीही असो.

शक्य होताच कॅमेऱ्यावरचं आणीबाणीचं बटण दाबा, म्हणजे चालू फाइल कुलूपबंद होईल. सभोवतालचे फोटो मोबाइलवर काढा, साक्षीदारांचे नंबर घ्या. परिस्थिती निवळली की कॅमेरा बंद करून कार्ड खिशात ठेवा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. घरी जाईपर्यंत, दुसऱ्या दिवशी ऑफिसला, मग गॅरेजला, असा कॅमेरा चालत राहतो आणि कुलूपबंद न झालेला आधीचा भाग पुसला जातो. धडकेच्या आधीची पाच मिनिटंही तितकीच महत्त्वाची असतात, वेग आणि लेन त्यातूनच कळते.

रस्त्यावरच्या गर्दीला रेकॉर्डिंग दाखवू नका. वाद मिटण्याऐवजी भडकतो, आणि कार्ड हिसकावलं जाऊ शकतं. कॅमेरा आहे एवढं शांतपणे सांगणं पुरे. तोडपाण्यासाठी दबाव आणणाऱ्यांचा सूर तेवढ्यानेही बऱ्याचदा बदलतो.

घरी आल्यावर कार्डातल्या फाइली मूळ नावांसकट दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. काहीही कापू नका, जोडू नका, उजेड वाढवू नका. मूळ कार्ड पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा आणि कॅमेऱ्यासाठी नवीन कार्ड आणा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, तिचा दर्जा जातो. कोणाला पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या.

पोलीस आणि कोर्ट

चित्रण पुरावा म्हणून मान्य होतं, पण पद्धतशीर दिलं तर. व्हिडिओच्या प्रतीसोबत ती खरी असल्याचं प्रमाणपत्र लागतं का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने पक्का केला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यायचं असतं: 'अ' भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे तुम्ही, 'ब' भाग तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरातून निघणारा लांबलचक आकडा, फाइलमधला एक कण जरी बदलला तरी तो बदलतो. कॉपी करतानाच एसएचए२५६ हॅश काढून कागदावर लिहून ठेवलात तर पुढे वकिलाचं काम सोपं होईल.

पोलिसांनी मूळ कार्ड मागितलं तर द्यावं लागतं, पण पंचनाम्यात त्याची नोंद झाली पाहिजे. नुसतं हातात देऊन येऊ नका.

ठोकून पळालेल्या वाहनाचा नंबर सापडण्याला पैशांतही मोठं मोल आहे. वाहन सापडलंच नाही तर हिट-अँड-रन भरपाई योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. वाहन ओळखलं गेलं तर त्याच्या विमा कंपनीकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात प्रत्यक्ष नुकसानीच्या हिशोबाने दावा करता येतो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. हे लक्षात घेता, तुमच्या गाडीला काहीही झालेलं नसताना समोर दुसऱ्याचा अपघात टिपला गेला असेल, तर ते चित्रण त्या कुटुंबापर्यंत किंवा पोलीस ठाण्यापर्यंत जरूर पोहोचवा. त्या घरासाठी त्या तीन मिनिटांवर खूप काही अवलंबून असू शकतं.

इतरांचा विचार

रस्त्यावरचं चित्रण स्वतःच्या वैयक्तिक वापरासाठी ठेवणं वेगळं आणि ते चव्हाट्यावर मांडणं वेगळं. कुणाचा चेहरा आणि नंबर दाखवत 'बघा हा कसा चालवतो' म्हणून व्हिडिओ टाकलात तर बदनामीच्या तक्रारीला तोंड द्यावं लागू शकतं. ज्याच्यावर कारवाई व्हावी असं वाटतं त्याची तक्रार वाहतूक पोलिसांकडे करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅमेरा कुणाच्या खिडकीवर किंवा मुलांच्या खेळायच्या जागेवर रोखलेला नाही ना, हे बघा. खडकवासल्याला एनडीएच्या आवारात, दिघीच्या बाजूला किंवा कॅन्टोन्मेंटच्या कोणत्याही लष्करी फाटकातून आत शिरताना कॅमेरा बंद करा, तिथे चित्रणाला मनाई असते. पहारेकऱ्याने सांगायची वाट पाहू नका.

नियमित निगा

आठवड्यातून एकदा, गाडी उभी असताना, ॲपमध्ये जाऊन आजचीच एखादी फाइल चालवून बघा. दिवा लुकलुकतोय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं धरून चालू नका. महिन्यातून एकदा जपून ठेवायचं ते कॉपी करून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडणाऱ्या द्रव्याचा पातळ थर लेन्ससमोर साचतो आणि रात्री समोरच्या दिव्यांभोवती धुकं दिसतं. लेन्ससाठी चष्म्याचं मऊ कापड वापरा. उन्हाळा सुरू होण्याआधी टेप अजून धरून आहे ना ते हलवून बघा. बरेच दिवस गाडी वापरली नसेल तर पहिल्या फेरीआधी तारीख-वेळ तपासा. सुपरकपॅसिटर रिकामा झाला की जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जातं. वापराप्रमाणे दोन-तीन वर्षांनी कार्ड बदला, चालत असलं तरी.

गाडी सर्व्हिसिंगला देताना कार्ड काढून घ्या. त्यात तुमच्या घराचा पत्ता, मुलांच्या शाळेची वेळ आणि गाडीतली सगळी बोलणी असतात. गाडी विकताना कॅमेरा तिच्यासोबत देणार असाल तर कार्ड स्वतःकडे ठेवा, कॅमेरा फॅक्टरी रीसेट करा, मोबाइल ॲपमधून त्याची जोडणी तोडा आणि वाय-फायचा पासवर्ड मूळचा करून द्या. स्वतःकडे ठेवणार असाल तर टेपखालून मासेमारीचा नायलॉन दोरा हळूहळू ओढत न्या, काचेला ओरखडा न पडता तो सुटून येतो. फ्यूज टॅप काढून मूळ फ्यूज त्याच जागी परत बसवायला विसरू नका.